आजाराचा पुरावा आणि फाशीची शिक्षा : 'आरोपी एक्स' प्रकरणाचा अभ्यास

१२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी रद्द केली. निकालपत्रावर त्याचे नाव नाही. 'आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य' एवढेच छापले आहे, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त राहिली पाहिजे. खंडपीठ न्या. एन. व्ही. रमणा, न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांचे. गुन्हा दोन लहान मुलींवर बलात्कार करून त्यांच्या खुनाचा. दोषसिद्धी कायम राहिली आणि गुन्हा पाहून दया यावी असे त्यात काहीही नव्हते. फाशी टळली ती शिक्षा झाल्यानंतरच्या काळातल्या गंभीर मानसिक आजारामुळे.

'मनोरुग्णाला फाशी देता येत नाही' अशा एका ओळीत हा निकाल अनेकदा सांगितला जातो. न्यायालयाने तसे म्हटलेले नाही. त्याने एक चाळणी घालून दिली, आणि तिची जाळी बरीच बारीक आहे. त्यातून कोण पार पडतो हे प्रामुख्याने ठरते तुरुंगाच्या दवाखान्यात कोणते कागद तयार झाले आणि ते कोणी, कधी मागवले यावर.

प्रकरण तिथवर कसे पोहोचले

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये फाशी कायम केली होती आणि त्याच वर्षी पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती, दाखल झाला. त्या काळी असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांना न ऐकता, फिरत्या कागदांवर निकाली निघत. सप्टेंबर २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालाने हे बदलले. फाशीच्या प्रकरणातले पुनर्विलोकन किमान तीन न्यायमूर्तींपुढे, उघड्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकून व्हायला हवे असे ठरले. या दारातून 'एक्स'चा अर्ज आत आला. हे दार उघडले नसते तर आजाराचे कागद दयेच्या अर्जाला जोडण्यापलीकडे फारसे काही करता आले नसते.

युक्तिवादाचे मुख्य मुद्दे दोन होते. पहिला असा, की सत्र न्यायालयाने दोषी ठरवले त्याच दिवशी शिक्षाही सुनावली, म्हणजे शिक्षेच्या मुद्द्यावर खरीखुरी सुनावणी झालीच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये ही सुनावणी सक्तीची होती; आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २५८(२) तेच सांगते. न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला नाही. सुनावणी अर्थपूर्ण झाली असेल तर ती त्याच दिवशी झाली एवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नाही, असे ते म्हणाले. कायदा म्हणून हे ठीक असेल, पण मानसिक आजाराच्या बाबतीत एका दिवसाचा अर्थ फार वेगळा होतो. सकाळी दोषी ठरलेल्या माणसाची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी दुपारपर्यंत होत नाही. गावाकडच्या शाळेचा दाखला येत नाही, आणि पूर्वी उपचार केलेल्या डॉक्टरचा शोधही लागत नाही. मग वकील उभे राहून सांगतात की आरोपी गरीब आहे, घरी वृद्ध आईवडील आहेत, कमीत कमी शिक्षा द्यावी. रोजनाम्यात 'शिक्षेच्या मुद्द्यावर उभय पक्षांना ऐकले' अशी ओळ पडते आणि सुनावणी झालेली असते.

दुसरा मुद्दा आजाराचा. तो चालला.

चार वेगळ्या वेळा

आजाराचा मुद्दा बहुतेक वेळा फसतो तो चार प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे. गुन्हा करताना मनाची स्थिती काय होती, हा पहिला. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, आता न्याय संहितेचे कलम २२, एवढेच विचारते की मनाच्या विकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा असल्याचे समजण्यास तो असमर्थ होता का. उत्तर 'हो' आले तर माणूस निर्दोष सुटतो, म्हणून न्यायालये हा बचाव फार क्वचित मान्य करतात. खटला चालवताना स्वतःचा बचाव करण्याइतके भान आहे का, हा दुसरा प्रश्न. त्याची उत्तरे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे आहेत. शिक्षा ठरवताना आजार किती वजनाचा धरायचा, हा तिसरा. आणि शिक्षा अमलात आणताना ती का दिली जात आहे हे त्याला कळते का, हा चौथा.

नेहमीची चूक अशी होते: कलम ८४ चा बचाव फेटाळला गेला की वकीलही, न्यायाधीशही आजाराचे प्रकरण मिटले असे समजतात. वास्तविक पहिल्या प्रश्नात नापास झालेला पुरावा तिसऱ्यात पूर्ण वजनाने वापरता येतो. 'आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते' आणि 'त्याला छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) होती' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ३(५) स्पष्ट सांगते की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस आपोआप विकल मनाचा ठरत नाही. सरकारी वकील या कलमाचा आधार आरोपीविरुद्ध घेतात, पण ते दोन्ही बाजूंना कापते: विकल मनाचा नाही असे ठरले, म्हणून आजार नाही असेही ठरत नाही.

१९८० च्या बच्चन सिंग निकालात शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींमध्ये टोकाचा मानसिक वा भावनिक क्षोभ आणि मानसिक दोषामुळे कमी झालेली समज या दोन्ही गोष्टी होत्या. दोन्ही गुन्ह्याच्या वेळेशी बांधलेल्या. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने चौथ्या वेळेचा प्रश्न हाताळला. दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण होऊ शकते असे मानले. या दोन टोकांच्या मध्ये, शिक्षा झाल्यानंतर पण दयेच्या अर्जापूर्वी बळावलेल्या आजाराला जागा नव्हती. 'एक्स' निकालाने ती जागा भरली.

चाळणी आणि तिच्यातून झालेली सुटका

निकालाने घालून दिलेला मार्ग असा. दोषसिद्धीनंतरचा गंभीर मानसिक आजार हा शिक्षा सौम्य करणारा घटक म्हणून अपिलाच्या न्यायालयाने योग्य प्रकरणात विचारात घ्यायचा. तपासणी अनेक शाखांच्या तज्ज्ञांच्या गटाने करायची, आणि त्यात त्या विशिष्ट आजाराचा जाणकार हवा. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. स्पष्ट पुराव्याचे पारडे त्याच्या बाजूने झुकले पाहिजे. आजाराची सक्रिय, अवशिष्ट (आजार ओसरल्यावर उरलेली) किंवा पूर्वलक्षणे दाखवता आली पाहिजेत. सरकारला खंडनाचा पुरावा देता येतो आणि न्यायालय स्वतः तज्ज्ञांचे मंडळ नेमू शकते. आणि शेवटी गंभीरतेची कसोटी: आजार इतका तीव्र हवा, की शिक्षेचे स्वरूप आणि तिच्यामागचा हेतू त्या माणसाला समजू शकत नाही.

ही शेवटची अट आमच्या मते जास्तच कडक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या फोर्ड आणि २००७ च्या पॅनेटी प्रकरणांत साधारण हाच प्रश्न विचारला, पण तो फाशी अमलात आणण्याच्या टप्प्यासाठी. आपल्याकडे तो शिक्षा ठरवण्याच्या टप्प्यावर आणून ठेवला गेला. तीव्र नैराश्याचा किंवा औषधांनी आटोक्यात आलेल्या छिन्नमनस्कतेचा रुग्ण आपल्याला फाशी का होणार हे नीट सांगू शकतो. कसोटी शब्दशः लावली तर तो या संरक्षणाबाहेर राहतो.

गंमत अशी की खुद्द 'एक्स'ला या मार्गाने जावे लागले नाही. न्यायालयाने तज्ज्ञांचे मंडळ नेमले नाही. १९९४ पासून त्याला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा मानसिक त्रास होत होता हे कागदोपत्री दिसत होते, फाशीच्या छायेत दीर्घ कारावास झाला होता, आणि या एकंदर परिस्थितीत पुन्हा तपासणी घेण्याची गरज नाही असे खंडपीठाला वाटले. नियम तज्ज्ञांच्या गटाचा झाला, प्रकरण निघाले जुन्या नोंदींवर.

नोंदी : कुठे असतात, काय सांगतात

तुरुंगात येताना पहिली वैद्यकीय तपासणी होते. तिचा कागद गुन्ह्याच्या तारखेच्या सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत मौल्यवान. बहुतेक वेळा त्यावर मानसिक स्थितीपुढे 'नॉर्मल' असा एकच शब्द असतो. तो कोणी, किती वेळ बोलून लिहिला हे उलटतपासणीत विचारता येते आणि विचारावे. त्यानंतर कैद्याचे हिस्ट्री तिकीट (तुरुंगातली त्याची वैयक्तिक नोंद), तुरुंग दवाखान्याचे बाह्यरुग्ण रजिस्टर, औषधवाटपाची वही, बाहेरच्या रुग्णालयात पाठवल्याच्या चिठ्ठ्या, शिस्तभंगाच्या शिक्षांची नोंद. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथला केस पेपर तुरुंगाच्या फाइलमध्ये असेलच असे नाही. तो रुग्णालयाकडून स्वतंत्रपणे मागवावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २५ रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क देते. अर्जावर कैद्याची सही आणि वकीलपत्राची प्रत लावली तर 'गोपनीय आहे' हे उत्तर टिकत नाही.

निदान लिहिलेले नसले तरी औषधांची यादी बोलते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलँझापिन ही नावे मनोविकृतीवरच्या उपचाराकडे बोट दाखवतात. जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल दिसले तर आधीच्या औषधामुळे अंग ताठरणे, हात कापणे असे त्रास होत होते असा अंदाज बांधता येतो. फ्लुफेनाझिन डेकॅनोएटचे दीर्घ परिणामाचे इंजेक्शन दर दोन-चार आठवड्यांनी दिले असेल, तर रुग्ण गोळ्या नियमित घेत नव्हता अशी शक्यता मोठी. क्लोझापिन सहसा दोन वेगळी औषधे निकामी ठरल्यावर सुरू करतात आणि पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यामुळे त्यासोबत रक्ततपासण्या लागतात. तेव्हा क्लोझापिनची एक नोंद सापडली की तिच्या मागे अपयशी उपचारांचा आणि पुढे रक्ततपासण्यांचा असा दुहेरी कागदोपत्री माग निघतो. सोंग घेणाऱ्या माणसाला तुरुंगातला डॉक्टर वर्षानुवर्षे क्लोझापिन देत नाही. सरकार पक्षाच्या 'नाटक करतो आहे' या आरोपाला याहून चांगले उत्तर क्वचितच मिळते.

नोंदींतल्या रिकाम्या जागाही वाचाव्या लागतात. तीन महिने औषध नाही म्हणजे आजार बरा झाला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्या काळात कैदी एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवला गेला आणि केस पेपर मागे राहिला, किंवा मनोरुग्णालयाच्या तारखेला पोलिसांचा गार्ड मिळाला नाही, असे कारण सापडते. गार्डची मागणी आणि नकार यांची पत्रे कारागृह कार्यालयात असतात. ती मागवली की 'उपचारांची गरज नव्हती' ऐवजी 'उपचार झाले नाहीत' हे चित्र समोर येते.

आणखी एक गोष्ट निकालपत्रांत पुन्हा पुन्हा डोकावते: आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. छिन्नमनस्कतेच्या अवशिष्ट अवस्थेत चेहरा भावशून्य होतो, बोलणे एक-दोन शब्दांवर येते. शिवाय याच आजारावरच्या औषधांनी चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि पापण्या कमी लवतात. म्हणजे आजार आणि उपचार दोन्ही मिळून माणूस निर्विकार दिसतो, आणि न्यायालय ते निर्ढावलेपण समजते. तज्ज्ञाच्या अहवालात या गोष्टीवर स्वतंत्र परिच्छेद मागून घ्यावा. तज्ज्ञ आपणहून तो लिहीत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते उघड असते.

नोंदींवर वाद झाला तर त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम १०५ हाताशी आहे. मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्या पक्षाने त्याला आव्हान दिले, तर न्यायालयाने तो मुद्दा या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा आणि मंडळाने तपासून मत द्यायचे. तरतूद 'करील' अशी सक्तीची आहे. फौजदारी न्यायालयांत तिचा वापर फार कमी दिसतो.

बौद्धिक अक्षमतेची वेगळी वाट

'एक्स' निकाल वाचून बौद्धिक अक्षमता असलेल्या आरोपीसाठी तोच मजकूर वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अक्षमता मुद्दाम वगळली आहे. तिच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. त्याच्या कलम १२ मध्ये न्यायालयापर्यंत भेदभावाविना पोहोचण्याचा हक्क आहे. पुरावाही वेगळा लागतो. ही अक्षमता वाढीच्या वयातच सुरू झालेली असते, त्यामुळे तुरुंगाच्या नोंदींचा उपयोग कमी आणि शाळेच्या रजिस्टरचा जास्त. एकाच इयत्तेत वारंवार नापास होणे, चौथीत शाळा सुटणे, सुटे पैसे मोजता न येणे, एकट्याने बस न पकडता येणे, आणि हे सांगणारी आई, शिक्षक किंवा शेजारी.

चाचणी निवडतानाही चूक होते. निरक्षर माणसाला भाषेवर आधारलेली बुद्धिमापन चाचणी दिली की कमी गुण शिक्षण नसल्यामुळे आले, असे सरकारी वकील सहज म्हणू शकतात. भाटियांची कृतिचाचणी ठोकळे, नमुने, चित्रे यांवर चालते, म्हणून ती अशा वेळी बरी. जोडीला रोजच्या व्यवहारातली क्षमता मोजणारी व्हाइनलँड श्रेणी. आकड्यावरही अडकू नये. बुद्ध्यंक ७२ आला म्हणून अक्षमतेसाठी धरली जाणारी ७० ची रेषा ओलांडली असे होत नाही, कारण प्रत्येक मोजणीत काही गुणांची चूक गृहीत असते. फ्लोरिडा राज्याचा असाच ताठर नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हॉल प्रकरणात रद्द केला. दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या ४० टक्क्यांचेही तेच: तो आकडा सवलतींसाठी आहे, दोषाचे प्रमाण ठरवण्यासाठी नाही.

२०१९ नंतर काय बदलले

२० मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने भाराचा काही भाग सरकारवर टाकला. फाशीची शक्यता असलेल्या गुन्ह्यात आरोपीचे मनोविकारविषयक आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन सरकारने सत्र न्यायालयापुढे ठेवायचे, आणि ते शक्यतो आधीच गोळा केलेले हवे. कारण निकालातच आहे: तपासणी गुन्ह्याच्या काळाच्या जितकी जवळ, तितकी ती त्या वेळच्या मनःस्थितीबद्दल अधिक सांगते. त्याशिवाय कुटुंब, शिक्षण, उत्पन्न, पूर्वीचा आजार यांची माहिती आणि तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच निकषांचे पालन न झाल्यामुळे, सारे मार्ग संपलेल्या कैद्याच्या शिक्षेची सुनावणी नव्याने घेण्याचा मार्ग खुला केला. दोषसिद्धीला हात लावला नाही.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील प्रोजेक्ट ३९ए च्या २०२१ च्या अभ्यासावरून येतो. फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत सुमारे ६२ टक्के जणांना किमान एक मानसिक आजार आढळला आणि सुमारे ११ टक्के जणांना बौद्धिक अक्षमता.

मात्र ही सगळी शिस्त फाशीपुरतीच आहे. चोरी, मारहाण, खुनाचा प्रयत्न अशा गुन्ह्यांत आजार कसा मोजायचा याची आपल्याकडे मार्गदर्शिका नाही, आणि रुग्ण कैदी जास्त संख्येने तिथेच अडकलेले असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मानसिक व विकासात्मक विकार असलेल्या आरोपींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या अपील न्यायालयाने २००७ च्या व्हर्डिन्स निकालात त्याहून कामाची मांडणी केली. आजारामुळे नैतिक दोष कमी होतो का. शिक्षेचा प्रकार बदलावा का. इतरांना जरब बसवण्यासाठी हा माणूस योग्य उदाहरण आहे का. त्याला स्वतःला जरब बसेल का. तोच तुरुंगवास त्याला इतरांपेक्षा जड जाईल का. आणि तुरुंगात त्याचा आजार बळावण्याचा गंभीर धोका आहे का. यातले शेवटचे दोन प्रश्न गुन्ह्याशी कार्यकारणसंबंध मागत नाहीत, आणि म्हणूनच ते भारतीय सत्र न्यायालयातल्या युक्तिवादात जसेच्या तसे घेण्यासारखे आहेत. परदेशी निकाल बंधनकारक नाही हे मान्य करूनही लेखी युक्तिवादात ते मांडता येतात. ज्या गुन्ह्यांत परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) शक्य आहे तिथे परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली अधिकाऱ्याचा अहवाल मागवताना, उपचार कुठे, कोणाच्या देखरेखीखाली चालू राहतील हे लिहायला सांगावे. नुसते 'वर्तन चांगले' असा अहवाल आला तर न्यायालयाला आजारी माणूस बाहेर सोडण्याची भीती वाटते आणि ते शिक्षा देऊन मोकळे होते.

फाशी रद्द झाल्यानंतर

'एक्स'ला मिळालेली शिक्षा उरलेले सगळे आयुष्य तुरुंगात, शिक्षेत सूट मागण्याच्या हक्काविना, अशी आहे. शिक्षेचा हेतू कळत नाही म्हणून फाशी नको, पण त्याच माणसाला मरेपर्यंत कैद: हा पेच निकालाने सोडवलेला नाही. २०१७ च्या कायद्याखाली त्याला काय मिळायला हवे ते तपासून द्यावे, एवढे राज्य सरकारला सांगितले.

ते 'काय' कलम १०३ मध्ये आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोविकार कक्ष असेल तर तिथे, नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने मानसिक आरोग्य आस्थापनेत (मनोरुग्णालयासारख्या उपचारसंस्थेत) हलवायचे. आस्थापनेच्या प्रमुखाने दर सहा महिन्यांनी कैद्याच्या प्रकृतीचा विशेष अहवाल द्यायचा. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात अशी आस्थापना सरकारने उभारायची. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मंडळाला असे प्रमाणपत्र पाठवायचे, की तुरुंगात मानसिक आजार असलेला कोणीही कैदी नाही. आणि असेल, तर त्याला तिथे का ठेवले हे मंडळ जाऊन विचारू शकते. औषधवाटपाच्या वहीत ओलँझापिन घेणारे वीस कैदी असताना 'कोणीही नाही' असे प्रमाणपत्र गेले असेल, तर ती विसंगती माहिती अधिकारात दोन्ही कागद मागवून दाखवता येते. नावे झाकून आकडे मागितले की गोपनीयतेची हरकत येत नाही.

व्यवहारात अडचण अशी, की निकाल लागला की वकिलाचे काम संपते आणि सहामाही अहवाल आला की नाही हे पाहणारे कोणी उरत नाही. त्यासाठी याच कायद्याच्या कलम २७ खाली मोफत विधी साहाय्याचा नवा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो. तो निकालाची प्रमाणित प्रत हातात येताच, कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवण्यापूर्वी करावा, आणि त्यात केस पेपरची संपूर्ण प्रत कैद्यासोबत पाठवण्याची मागणी पहिल्याच परिच्छेदात असावी.